तागडीत न मावणारे आरोग्य
(शास्त्रपाठ : दानीएल १:८–१६, यहोशवा १४:६–१२)

तामिळनाडूतील कुंभकोण या नगरात महामहम नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. त्याच्या काठी सोळा मंडप उभे असून ते तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी बांधविले असे मानले जाते. त्यांपैकी एका मंडपात तुलादानाचे शिल्प आहे : एका पारड्यात राजा, दुसऱ्या पारड्यात सोने. मराठी वाचकाला हे दृश्य अपरिचित नाही. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचीही अशीच सुवर्णतुला झाली होती. कुंभकोणपासून थोड्याच अंतरावर गोविंदपुरम् हे गाव आहे. तेथे आज विठ्ठल-रखुमाईचे भव्य देवालय आहे, आणि त्या साऱ्या कावेरीकाठी तंजावरच्या मराठी राज्याच्या खुणा अद्याप आढळतात. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले.

तुलेने दान किती करावयाचे ते ठरत असे. राजाला तलावाच्या पायऱ्या चढताना धाप लागते काय, त्याला रात्री झोप येते काय, हे ती तुला सांगत नसे. कोणी तिला विचारतही नसे.

त्याच प्रदेशात पुढे आरोग्य मोजण्याची एक निराळी रीत रूढ झाली. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) हे जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली शिकले. १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत ‘धन्वंतरी महाल’ नावाची वैद्यकीय संस्था नावारूपाला आली. तेथे उपचार घेतलेल्या नेत्ररोग्यांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. रोगी कोणत्या अवस्थेत आला, डोळा कसा दिसत होता, कोणता उपचार केला, त्याचा परिणाम काय झाला, अशी ती नोंद. येथे रोग्याची तुलना झाली ती त्याच्याच कालच्या अवस्थेशी.

प्रिय वाचकहो, आपल्या घरांतून आज यांपैकी कोणती रीत चालते? पुष्कळ घरांत पलंगाखाली एक वजनकाटा असतो. सकाळी त्यावर उभे राहावयाचे, काटा खाली असला तर दिवस चांगला, वर असला तर जेवणाच्या ताटाशी भांडण. पूर्वी रेल्वे फलाटावरील यंत्रात नाणे टाकले की एक जाड तिकीट पडत असे. त्याच्या एका बाजूस वजन आणि दुसऱ्या बाजूस भविष्य छापलेले असे. भविष्याला आपण हसत होतो. वजनाला मात्र आपण अजूनही भविष्यासारखेच मानतो.

काटा खोटे बोलतो असे नव्हे. हाडे, स्नायू, चरबी, पाणी आणि पोटात असलेले अन्न या सर्वांची एकत्रित बेरीज तो सांगतो, आणि ती फोड करून देत नाही. खारट जेवणानंतर शरीरात पाणी साठते व दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वाढलेले दिसू शकते. त्यात चरबीचा संबंध नसतो. उलट, एखादी भगिनी दोन महिने नेमाने चालते, घरी थोडा व्यायामही करते. तिचे स्नायू बळकट होतात, पोटाची चरबी उतरते, तरी बेरीज तीच राहते. काटा हलला नाही म्हणून ती निराश होते आणि चालणे सोडते. याहून वाईट प्रकार दुसरा आहे. कोणी प्रयत्न न करता बारीक होत जातो आणि उपासनेनंतर मंदिराच्या दारात सर्व जण त्याचे अभिनंदन करतात. क्षयरोगात वजन उतरते, आटोक्याबाहेर गेलेल्या मधुमेहात उतरते, कर्करोगातही उतरते. कारण नसताना वजन घटणे ही शुभवार्ता नव्हे; डॉक्टरांकडे जाण्याची ती सूचना आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. दानीएल व त्याचे तीन सोबती यांना राजाचे मिष्टान्न व द्राक्षारस नको होता. त्यांच्यावरील कारभाऱ्याला भय वाटले की, या तरुणांची तोंडे इतरांपेक्षा उतरलेली दिसली तर आपले शिर जाईल. दानीएलाने दहा दिवसांची परीक्षा मागितली : शाकान्न व पाणी द्यावे, मग आमची व इतरांची तोंडे ताडून पाहावीत. या परीक्षेची मांडणी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. मुदत ठरलेली, बदल एकच, आणि तुलना समवयस्कांशी. दहा दिवसांनंतर ते अधिक सतेज व अंगाने भरलेले दिसले. म्हणजे ज्या गोष्टीने आज पुष्कळांची झोप उडते, ती अंग भरण्याची गोष्ट तेथे यशाची खूण ठरली! माप नेहमी मोजणाऱ्याच्या अपेक्षेतून जन्म घेते. शिवाय दानीएलाचे स्वतःचे माप निराळेच होते. आपण विटाळलो नाही ना, एवढेच त्याला पाहावयाचे होते. तोंडाचा तजेला कारभाऱ्याच्या समाधानासाठी होता. याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात बेलशस्सर राजा देवाच्या तागडीत तोलला जातो व उणा भरतो. ती तागडी शरीराचा भार मोजणारी नव्हती, हे सांगावयास नको.

कालेबाची साक्ष आणखी स्पष्ट आहे. वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी तो यहोशवापुढे उभा राहतो आणि सांगतो की, मोशेने मला हेर म्हणून पाठविले त्या दिवशी होते तेवढेच बळ आजही माझ्यात आहे, लढाईसाठी आणि जाण्यायेण्यासाठी. येथे मापन दोन गोष्टींचे आहे : पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी काय करू शकत होतो आणि आज काय करू शकतो. मग तो काय मागतो? सपाटीची जमीन मागत नाही, डोंगर मागतो. मोशेविषयीही अनुवादाच्या चौतिसाव्या अध्यायात असेच लिहिले आहे की, एकशेवीस वर्षांचा असताना त्याची दृष्टी मंद झाली नव्हती व त्याचा जोम ओसरला नव्हता. दृष्टी, जोम, जाणेयेणे ही शास्त्राची मापे आहेत. शरीर कशासाठी दिले आहे त्याच्याशी ती जोडलेली आहेत.

आधुनिक वैद्यकशास्त्र याच दिशेने आले आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचा धडा पुण्याहून आला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. वजन व उंची यांचे गुणोत्तर काढण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे गणितज्ञ केतले यांनी मांडली. १९७२ साली अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले की हा अंक मिळतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही अंक अगदी सारखा होता, २२.३. काट्याच्या दृष्टीने दोघे समान. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या ठायी ती ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांच्या ठायी २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन शर्यती धावणारे. आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावत जाणे, असे याज्ञिकांविषयी त्या लेखात मिस्कीलपणे नमूद आहे. तथापि दोष केवळ व्यायामाचा नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, असे त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. आपली बालके लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. सडपातळ अंगातही चरबी दडलेली असू शकते, ही आपल्या लोकांची वस्तुस्थिती आहे.

‘माझे वजन बेताचे आहे, मला साखरेचा विकार कसा होईल?’ हे वाक्य म्हणून धोक्याचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी दहा लाख लोकांना मधुमेह आहे, आणि तेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे सर्व लठ्ठ नाहीत.

मग काय मोजावे? अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात नियम आहे की, एकाच साक्षीदाराच्या शब्दावरून कोणाचा दोष ठरवू नये. दोघातिघांची साक्ष हवी. तो नियम न्यायासनासाठी आहे हे खरे, परंतु शरीराच्या बाबतीतही तो वापरण्यास हरकत नसावी. वजन हा एक साक्षीदार असू द्या. दुसरा साक्षीदार शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता कंबर मोजावी. भारतीयांसाठी पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी हा लक्षात ठेवण्यास सोपा नियम. काटा जागचा न हलता कंबर दोन बोटे उतरली, तर ती खरी प्रगती.

तिसरा साक्षीदार श्वास. भरभर चालताना बोलता येते पण गीत म्हणता येत नाही, इतपत वेग असला तर तो मध्यम श्रमाचा व्यायाम समजतात. आठवड्यात असे दीडशे मिनिटे चालणे प्रौढांसाठी सुचविलेले आहे. आपल्या मंडळ्यांतून गीते पुष्कळांना पाठ असतात. तेव्हा ही कसोटी आपणांस सोपी. काही आठवड्यांपूर्वी ज्या वेगात एक ओळही निघत नव्हती, त्याच वेगात आता अख्खे कडवे म्हणता आले, तर हृदय व फुप्फुसे बळावली असे समजावे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटाची नाडी एक मिनिट मोजावी. नियमित चालणाऱ्याची नाडी महिन्यांगणिक थोडी संथ होत जाते.

चौथा साक्षीदार बळ, आणि आपण याचीच सर्वाधिक उपेक्षा करतो. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसून, हात छातीशी बांधून, अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठता-बसता येते ते मोजावे. शेजाऱ्याच्या अंकाशी नव्हे, आपल्याच मागील महिन्याच्या अंकाशी ताडावे. सतरा देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या पाहणीत (तीत भारतही होता) असे दिसून आले की, हाताच्या मुठीची पकड अकाली मृत्यूचा जो अंदाज देते तो वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षाही अधिक चांगला असतो. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. विहिरीवरून पाणी ओढणाऱ्या आपल्या आज्यांना हे वाचून हसू आले असते.

काही साक्षीदार मात्र घरी बोलत नाहीत. रक्तदाब १४०/९० च्या वर वारंवार गेला, उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक आली, तर अंगाला काहीही जाणवत नसले तरी डॉक्टरांचा सल्ला हवाच. स्त्रियांनी हिमोग्लोबिन अवश्य पाहावे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. थकवा म्हणजे आळस असे म्हणून ज्यांना आपण बोल लावतो, त्यांच्यापैकी कितीजणींचे रक्तच उणे असेल!

लेंटच्या दिवसांत काहींचे वजन घटते व ईस्टरनंतर पूर्ववत होते. उपवास आणि वजन घटविणे यांची सांगड घालणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाने निवडलेल्या उपवासाचे जे वर्णन आहे त्यात भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे आहे. तेथे मोजमाप दुसऱ्याच्या पोटाचे होते.

यावरून जामखेडची आठवण होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी भागात गेले. (या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे.) त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले; त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या गावांत आरंभी जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत असत. १९९० च्या दशकात ही संख्या तीसच्या खाली आली. १९७९ साली या दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कार्यात आरोग्याचे माप होते ते हे की, कोणाचे मूल जगले, कोणत्या वस्तीला स्वच्छ पाणी मिळाले, कोणाला गावाने जवळ केले. एका माणसाची प्रकृती त्याच्या शेजाऱ्यापासून तोडून मोजता येत नाही.

जे आजारी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. तीमथ्याला पोटाच्या तक्रारी वारंवार होत. त्रफिमाला पौलाने मिलेतात आजारी ठेवले. एपफ्रदीत सेवेत मरणाच्या दारी पोहोचला होता. पौल यांपैकी कोणालाही विश्वासात उणा म्हणत नाही. आणि त्याने शारीरिक कसरत थोडक्यासाठी उपयोगी आहे असे लिहिले, त्याचा आधार घेऊन आरामखुर्ची न सोडणाऱ्यांनी हे विसरू नये की, लिहिणारा शेकडो मैल पायी हिंडलेला होता.

आरंभ करावयाचा असेल तर एक साधी वही घ्यावी. पहिल्या पानावर आजची तारीख, कंबर, सकाळची नाडी, खुर्चीवरून उठण्याची संख्या, रात्रीची झोप, आणि घरातील वा मंडळीतील कोणते काम आपल्याने आज होत नाही ते लिहावे : नातवंडाला उचलणे, मंदिराच्या पायऱ्या न थांबता चढणे, आजाऱ्याच्या भेटीस पायी जाणे. वजन लिहावयाचे तर महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी. छातीत दुखणारे, चक्कर येणारे, गरोदर भगिनी व मधुमेहाची औषधे घेणारे यांनी व्यायाम वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दुसरे पान तीन महिन्यांनी उघडावे, तोवर नाही.