एक, अनेक आणि एकता : एका चित्रगीताचा अभ्यास



हातानें काढलेलीं चित्रें पडद्यावर चालूं-बोलूं लागतात आणि त्यांच्याबरोबर एखादें गाणें वाजतें, हा प्रकार तुम्हीं शेंकडों वेळां पाहिला असेल. तुम्ही त्यास मौज म्हणतां. तुमचे वडील त्यास वेळेचा अपव्यय म्हणतात. आमचे मतें तो अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यासाठीं आपल्याच देशांतील एक उत्तम उदाहरण हाताशीं आहे.

तें म्हणजे 'एक अनेक और एकता' हा हिंदी लघुपट. फिल्म्स डिव्हिजननें तो १९७४ सालीं प्रकाशित केला. मुंबईंत १९२१ सालीं जन्मलेल्या विजया मुळे ह्या त्याच्या कर्त्या. चित्रांस गति दिली भीमसेन खुराना ह्यांनीं, आणि संगीत दिलें सावंतवाडीकडील वसंत देसाई ह्यांनीं. 'गुड्डी' ह्या १९७१ च्या चित्रपटांतील जी प्रार्थना पुढें कित्येक शाळांतून म्हटली जाऊं लागली, तिची चालहि ह्याच देसायांची. लघुपटांत गाणारी लहान मुलगी पुढें साधना सरगम ह्या नांवानें पार्श्वगायिका म्हणून प्रसिद्धीस आली. दूरदर्शननें हा लघुपट वारंवार दाखविला. तुमच्या आईवडिलांस विचारून पाहा, त्यांपैकीं पुष्कळांस त्याची चाल अजून आठवत असेल.

कथा अगदीं साधी आहे. धाकटा भाऊ ताईला 'अनेक' म्हणजे काय, असें विचारतो. ताई व्याख्या सांगत बसत नाहीं. सूर्य एक, चंद्र एक, तारे मात्र अनेक, असें ती दाखवीत जाते. मग व्याधाच्या जाळ्यांत सांपडलेल्या पक्ष्यांची जुनी गोष्ट येते. एकेकट्याच्या धडपडीनें सुटका होत नाहीं. सर्वांनीं एकदम पंख मारतांच जाळेंच उचललें जातें, आणि पुढें मित्र उंदीर तें कुरतडतात. 'अन्' अधिक 'एक' म्हणजे 'एक नव्हे तें', ही फोड आपण व्याकरणांत पाठ करतों. येथें ती डोळ्यांस दिसते.

आतां हें घडतें कसें, तें पाहूं. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदांत चोवीस छबी सरकतात. प्रत्येक छबी स्थिरच असते. परंतु त्या एकीमागून एक झपाट्यानें पुढें येतात, म्हणून आपणांस गति भासते. सात मिनिटांच्या चित्रपटास ह्या हिशेबानें १०,०८० छबी लागतात. एका चित्राची छबी दोनदां घेण्याची सोय केली, तरी ५,०४० चित्रें उरतात. हें श्रम कमी व्हावे म्हणून झाडें, आकाश वगैरे देखावा एकदांच रंगवीत, आणि हालणारीं पात्रें पारदर्शक पत्र्यांवर निराळीं काढून त्यावर ठेवीत.

गाण्यासाठीं आणखी एक काळजी घ्यावी लागते. गाणें आधीं ध्वनिमुद्रित करून त्याच्या मात्रा मोजाव्या लागतात. समजा, लय मिनिटास १२० मात्रांची आहे. म्हणजे एका मात्रेस अर्धा सेकंद, अर्थात् बारा छबी. पक्ष्याचा पंख ठेक्यावर खालीं यावयाचा असेल, तर तो बाराव्या छबीसच आला पाहिजे. संगीत आणि गणित ह्यांचा असा शेजार असतो.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वीं वाटाण्याचा अंकुर वाढतांना रोज थोडथोडी छबी घेऊन तो पडद्यावर क्षणांत वाढविला होता. पुढें आगकाड्याहि त्यांनीं तशाच हालविल्या. परदेशांतील दाखला घ्यावयाचा, तर 'आ-हा' ह्या नॉर्वेच्या त्रिकुटाचें 'न्यू वेव्ह' ढंगाचें 'टेक ऑन मी' हें पॉप गाणें घ्या. तें १९८४ सालीं निघालें, तेव्हां फारसें कोणी ऐकलें नाहीं. पुढल्या वर्षीं तें नव्यानें मुद्रित केलें, आणि स्टीव्ह बॅरन ह्यांनीं त्यास नवा चित्रपट जोडला. त्यांत माणसांच्या छबींवरून पेन्सिलीनें सुमारें ३,००० चित्रें काढलीं. त्या कामास सोळा आठवडे लागले. त्याच वर्षीं तें गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. तीन-चार मिनिटांची मौज कोणाच्या तरी चार महिन्यांच्या कष्टांवर उभी असते, हें ध्यानांत असावें.

गेल्या वर्षीं आम्हीं सातवीच्या वर्गांत एक प्रयोग केला. बारा मुलांस बारा कागद देऊन उडत्या पक्ष्याची एकेक अवस्था काढावयास सांगितली. त्यांत देगलूरकडील एक मुलगा होता. त्याच्या घरीं तेलुगु बोलतात. त्याच्या मराठी उच्चारांस मुलें हंसत, म्हणून प्रार्थनेच्या वेळीं तो नुसते ओंठ हालवी. आम्हांस हें दिसत होतें, आणि आम्हीं कांहीं केलें नव्हतें, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे. त्यानें चित्र काढलें, पण दिलें नाहीं. अकरा कागद शिवून आम्हीं भराभर उलगडले. पक्षी उडाला, परंतु पंख खालीं येतांना दर वेळीं हिसका बसे. "गुरुजी, मधलें एक नाहीं," मुलें म्हणालीं. त्यानें तो कागद पुस्तकांतून काढून मुकाट्यानें पुढें केला. हिसका गेला.

दुसऱ्याच दिवशीं तो मोठ्यानें गाऊं लागला, असें आम्ही लिहिणार नाहीं; तसें झालें नाहीं. त्याच्या शेजारच्या मुलानें मात्र हंसणें सोडलें. आणि दिवाळीच्या सुटीनंतर प्रार्थनेंत एक नवा आवाज आम्हांस ऐकूं आला.

आपले नांदेड व लातूर हे जिल्हे सीमेवरचे. बिलोली-देगलूरकडे तेलुगु, उदगीर-निलंग्याकडे कानडी, तांड्यांवर बंजारा बोली, शहरांत उर्दू आणि गुरुद्वाऱ्याभोंवतीं पंजाबी. आपल्या प्रत्येक वर्गांत 'अनेक' आधींच बसलेले आहेत. 'एकता' मात्र आपणांस चित्राचित्रानें काढावी लागते.

अभ्यास : (१) जुन्या वहीच्या कोंपऱ्यांवर बारा चित्रें काढून पक्षी उडवा, मग एक पान दुमडून काय होतें, तें पाहा. (२) लय मिनिटास ९० मात्रांची असेल, तर एका मात्रेस किती छबी लागतील? (३) वर्गांत कोण नुसते ओंठ हालवितो, ह्याकडे लक्ष द्या. ह्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर वहींत लिहूं नये.