जमिनीखालची फायर लाईन : सांधा निसटू नये म्हणून

सांगली-तासगावची बेदाण्याची शीतगृहे, हळदीची गोदामे, कुपवड, मिरज व सातारा येथील औद्योगिक वसाहती, महाबळेश्वरची हॉटेले अशा ठिकाणी स्प्रिंकलरची कामे निघतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अशी कामे परवानाधारक एजन्सीकडून करून घ्यावी लागतात. मात्र खंदक, पाईप व फिटिंगचे प्रत्यक्ष काम पुष्कळदा आपल्या प्लंबर, फिटर व वेल्डर बांधवांकडेच येते. म्हणून या कामातील एक दुर्लक्षित भाग येथे समजून घेऊ.

डक्टाईल आयर्न पाईपचा रबर रिंगचा सांधा पाणी गळू देत नाही, पण तो पाईपला लांबीच्या दिशेने धरून ठेवत नाही. हा फरक ज्याने ओळखला त्याला पुढचे सारे सोपे जाते. सरळ लाईनीत दाब दोन्हीकडून सारखा असल्याने काही बिघडत नाही. जेथे लाईन वळते, टी निघते किंवा बंद होते तेथे पाणी फिटिंगला बाहेर ढकलते.

हा रेटा किती असतो? १५० मिमी पाईपचा बाहेरचा व्यास १७० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस सेंमी. चाचणीचा दाब १४ किलो धरला तर बंद टोकावर किंवा टीच्या पाठीवर सुमारे ३.२ टन रेटा येतो. ९० अंशाच्या बेंडवर तो १.४१ पट, म्हणजे ४.५ टन होतो. ४५ अंशाला सुमारे २.४ टन. २०० मिमीच्या लाईनीत ९० अंशाच्या बेंडवर हाच आकडा साडेसात टनांच्या पुढे जातो. भरलेला ट्रक बेंडला टेकून उभा आहे असे समजावे! शिवाय पंप एकदम सुरू झाला की क्षणभर दाब आणखी उसळतो.

कृष्णेवरील उपसा सिंचनाच्या लाईनींवर वळणापाशी काँक्रीटचे मोठे ठोकळे आपण पाहिले असतील. तेच थ्रस्ट ब्लॉक होत. पण ठोकळा स्वतः काही रोखत नाही. तो रेटा मागच्या मातीवर पसरवतो, म्हणून माती कोणती हे आधी पाहावे. ४.५ टनाला दीडपट सुरक्षितता धरली तर ६.७५ टन होतात. मऊ चिकणमाती चौरस मीटरला पाच टन सोसते असे धरले, तर ब्लॉकची पाठ सुमारे १.३५ चौरस मीटर हवी. साताऱ्याकडच्या कडक मुरमात पंधरा टन धरता आले तर अर्धा चौरस मीटर पुरतो. वाळवा-पलूस पट्ट्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. २००५ व २०१९ च्या महापुरात तर नदीकाठची जमीन कित्येक दिवस पाण्याखाली होती. अशा जागी एकट्या ब्लॉकवर विसंबणे आम्हाला पटत नाही. ब्लॉक न खोदलेल्या जमिनीला टेकला पाहिजे. भराव घातलेल्या मातीवर तो टेकवणे म्हणजे उशीवर टेकवणे होय. काँक्रीटने सांध्याचे बोल्टही झाकू नयेत.

खरी अडचण रायझरच्या पायथ्याशी येते. आडवी लाईन इमारतीत शिरून बेंडने वर वळते. तेथे बेंडला पुढे व खाली रेटा बसतो, तर वरचा पाईप वर उचलला जातो. पायाच्या भिंतीलगत मोठ्या ब्लॉकला जागा नसते. म्हणून बेंडखाली काँक्रीटचा आधार द्यावा आणि मागच्या सांध्यापासून वरच्या फ्लँजपर्यंत सांधे टाय रॉडने बांधावेत. अमेरिकेच्या एनएफपीए २४ या नियमावलीप्रमाणे रॉड किमान १६ मिमीचा असावा. १०० व १५० मिमी पाईपला असे दोन आणि २०० मिमीला तीन रॉड लागतात. रॉड, नट व क्लॅम्पला नंतर बिटुमेनचा लेप द्यावा. तो चुकला तर काही वर्षांत रॉड मातीतच गंजून जातो.

वेल्डिंगची किंवा फ्लँजची एमएस लाईन स्वतःच बांधलेली असते, तिला हा खटाटोप लागत नाही. परंतु तीच लाईन जेथे डक्टाईल पाईपला किंवा सरकत्या कपलिंगला जोडली जाते, तेथे सांधा निसटू शकतो. वेल्डर व प्लंबर वेगवेगळे असले की ही जागा दोघांच्याही हिशेबातून सुटते. तेव्हा कोटेशनमध्येच थ्रस्ट ब्लॉक व टाय रॉड ही वेगळी बाब लिहून घ्यावी. दर कमी दाखवण्यासाठी ती गाळली, तर सांधा निसटल्यावर खोदकामाचा खर्च ठेकेदाराच्याच अंगावर येतो. त्याहून वाईट म्हणजे आगीच्या वेळी पाणी जमिनीतच जाते आणि वर स्प्रिंकलरचा बल्ब फुटूनही हाती काही लागत नाही.

चाचणीपूर्वी काँक्रीट मुरू द्यावे. पाईपच्या मधल्या भागावर माती टाकून सांधे उघडे ठेवावेत. हवा पूर्ण काढून पाण्यानेच दाब द्यावा, कंप्रेसरच्या हवेने कधीही नाही. दोन तास दाब धरून प्रत्येक बेंड सरकला का ते खुणेवरून पाहावे. रायझर जोडण्याआधी लाईन जोराने धुऊन खडी-माती काढावी.

माती टाकण्यापूर्वी प्रत्येक ब्लॉक व रॉडचा मोजपट्टीसह फोटो काढून एक प्रत मालकाला, एक एजन्सीला द्यावी व एक स्वतःजवळ ठेवावी. दरवर्षी जानेवारी व जुलैत यंत्रणेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या तपासणीत पंप, व्हॉल्व्ह व स्प्रिंकलर डोळ्यांना दिसतात, पुरलेला सांधा दिसत नाही.