शनिवार तेली

विद्यार्थी मित्रांनो, अहिल्यानगरहून कधी अलिबागला सहलीस गेलात, तर किल्ला पाहून परत फिरू नका. गावात 'इस्राएल आळी' कोठे आहे, हे अवश्य विचारा. तेथे 'मागेन आबोथ' नावाचे यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर आहे.

कोकणात हे यहुदी कोठून आले? त्यांची परंपरा अशी सांगते, की पुष्कळ शतकांपूर्वी नवगावजवळ एक गलबत फुटले व त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे धर्मग्रंथ समुद्राने गिळले. पुढे हिब्रू भाषाही ते विसरले. 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. मराठी हीच त्यांची मातृभाषा झाली. तेल गाळण्याचा धंदा त्यांनी पत्करला. परंतु शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ग्रंथांनी नव्हे, तर एका बंद घाण्याने त्यांची ओळख राखली, हे केवढे नवल!

त्यांची आडनावेही गावांवरून पडली. दिवेआगरचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर. नकाशात ही गावे शोधून पाहा. याच दिवेकर घराण्यातील सामाजी हसाजी यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. त्यानंतर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली व कोकणात त्यांची थोडीच घरे उरली. तिकडे गेलेल्यांनी एक मराठी नियतकालिक काढले. त्याचे नाव त्यांनी ठेवले, 'मायबोली'.