पाण्याखालील श्वसन : एक पाठ-टिपण

धर्माबाद तालुक्यातील मुलांना गोदावरी परिचित असते. समुद्र मात्र पुष्कळांनी पाहिलेला नसतो. समुद्राचा पाठ घेताना शिक्षकांनी मालवणचे उदाहरण घ्यावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथे डोळ्यांवर काचेचा मुखवटा व तोंडात हवेची आखूड नळी धरून लोक पाण्यावर पालथे तरंगतात आणि खालील प्रवाळ व मासे न्याहाळतात. प्रवाळ दगडासारखे दिसले, तरी ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. पाय किंवा नांगर लागल्यास ती मोडते.

येथे मुले विचारतील, "नळी लांब केली तर खोल जाता येईल काय?" हा प्रश्न टाळू नये. डब्याला वर, मध्ये व तळाशी छिद्रे पाडून पाणी भरावे. तळची धार सर्वांत जोराने निघते. खोलीबरोबर दाब वाढतो, तो असा. सुमारे एक मीटर खोलीवरच छातीवरील दाबामुळे नळीतून हवा ओढणे कठीण होते. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाचीच हवा परत येते. म्हणून पाणबुडे दाबाने भरलेल्या हवेची टाकी सोबत नेतात.

बाभळी बंधाऱ्यामागे पाणी अडते तेव्हा काठावरून खोली कळत नाही. पपईचा पोकळ देठ अगर रबरी नळी घेऊन तेथे बुडी मारू नये, एवढे प्रत्येक मुलास सकारण सांगता आले, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.