नव्या मावशीच्या कानात

पोरी, शिशुगृहात कामाला लागलीस की पहिल्याच आठवड्यात दुधाच्या वेळा, लंगोट, औषधं हे सगळं तुला शिकवतील. ते नीट शीक. पण त्याआधी माझं एक ऐक. खोलीत शिरलीस की जे बाळ सगळ्यात गप्प पडलंय, त्याच्याकडे आधी जा. रडणाऱ्याकडे कुणी ना कुणी धावतंच. पाहुणे येतात, पाळण्यांची रांग बघतात आणि कौतुकानं म्हणतात, "किती गुणी बाळं, एकाचाही आवाज नाही!" मला ते ऐकून धस्स होतं. तान्ह्या जिवाला मागायची एकच रीत येते, रडायची. रडून कुणी येत नाही हे कळलं की ते मागणंच सोडून देतं. रेने स्पिट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९४५ मध्ये अनाथालयातल्या बाळांबद्दल लिहून ठेवलंय. खोल्या स्वच्छ, दूध पोटभर, तरी बाळं खंगत होती, कारण उचलून घेणारं हक्काचं माणूस नव्हतं. म्हणून बाळ रडलं तर आधी कानावर घे, मग कडेवर घे. "हाताची सवय लागेल" असं कुणी म्हणालं तर लागू दे. ती लागायलाच हवी.

आता दूध. आपल्याकडची निम्मी आजारपणं दुधातून येतात, निम्मी आपल्या हातांतून. प्रत्येक बाळाच्या आधी साबणानं हात धू. एकाचा लंगोट बदलून तसंच दुसऱ्याला उचलायचं नाही, कितीही घाई असली तरी. पाणी खळखळून उकळ, उतरवून अर्ध्या तासाच्या आत वापर. ते ७० अंशांच्या खाली जाता कामा नये, दुधाच्या पावडरीतले जंतू त्या गरम पाण्यानंच मरतात. मग बाटली गार पाण्यात धरून कोमट कर आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघ. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी आणि सपाट भरलेलाच चमचा. महिनाअखेरीला डबे संपत आले की दूध पातळ करायचा मोह होतो. तसं कधी करू नकोस, सरळ अधीक्षकांकडे जाऊन डबा माग. उरलेलं दूध दोन तासांच्या वर ठेवायचं नाही.

किती पाजायचं ते डॉक्टर लिहून देतील, पण अंदाज तुझ्याही डोक्यात असावा. आठवडा उलटलेल्या बाळाला दिवसाला दर किलोमागे साधारण १५० मिली लागतं. म्हणजे दोन किलोच्या बाळाला दिवसाचं ३०० मिली, तीन-तीन तासांनी विभागून. कमी दिवसांच्या बाळाला ओढता येत नाही. त्याला वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाज, डोकं उंच धरून, एकेक घोट गिळल्यावरच पुढचा. मग खांद्यावर घेऊन ढेकर काढ.

आणि बाटली उशीला टेकवून ठेवायची नाही. रात्रपाळीला दोघी असतात आणि आठ बाळं एकदम उठतात, तेव्हा हे करावंसं वाटतं, मला ठाऊक आहे. दूध श्वासनलिकेत जातं, कानात जातं. त्याहून वाईट म्हणजे पोट भरताना कुणाचा चेहराच दिसत नाही. यावर तोड अशी: सगळ्यांना एका वेळी उठवू नकोस. पाजण्याच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी मागंपुढं कर. आठवडाभरात बाळं त्या वेळांना लागतात. पाजताना त्याच्या डोळ्यांत बघून बोल, नावानं हाक मार. रजिस्टरमधल्या नंबरानं कुणाला हाक मारायची नाही.

तिसरी गोष्ट अधीक्षकांना सांगून पहिल्याच आठवड्यात ठरवून घे. तुझी तीन-चार बाळं ठरलेली असावीत. त्यांची अंघोळ, पाजणं, झोपवणं शक्यतो तूच कर, तुझ्या सुटीला ठरलेली दुसरी एकच मावशी. सात-आठ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून तोंड लपवतं, ते चांगलं. जे कुणाकडेही हसत झेप घेतं, त्याला बहुतेकदा हक्काचं असं कुणी सापडलेलं नसतं. "माया लावू नकोस, बाळ दत्तक गेलं की जड जातं," असं जुन्या बायकासुद्धा सांगतील. त्यांचं मुळीच ऐकू नकोस. जड जाईलच. पण ज्याला एकदा माया लावता आली, त्याला ती दुसऱ्या घरी लावणं सोपं जातं.

अशक्त बाळ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्याला उघड्या छातीशी उभं धर, टोपी-मोजे घालून, वरून दुपटं, तासभर तरी. तुझी ऊब त्याला पुरते. पाय आणि पोट दोन्ही हात लावून बघत जा. पाय गार, पोट गरम तर कपडे वाढव, छातीशी घे. दोन्ही गार असतील तर डॉक्टरांना बोलाव. दूध टाकणं, झटके, ताप, हातापायांच्या तळव्यांपर्यंत आलेली पिवळी झाक, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. श्वास पूर्ण मिनिटभर मोज, बाळ शांत असताना.

गुटी, मध, काजळ, नाका-कानांत तेल, यातलं काहीच नाही. मध वर्षभर तर मुळीच नको. नाळेला काही लावू नकोस, कोरडी राहू दे. झोपवायचं उताणं, आणि जागं असताना थोडा वेळ तुझ्या नजरेखाली पालथं, नाहीतर डोकं मागून चपटं होतं. वजन रोज एकाच वेळी, उघड्या अंगानं, आणि लगेच वहीत. पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, पुढं दिवसाला वीस-तीस ग्रॅम चढायला हवं.

नवं बाळ येईल तेव्हा आधी डॉक्टर. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यायचं असतं, ते ऑफिसचे लोक बघतील. तुझं काम वेगळं. अंगावरचं फडकं, हातातला दोरा, कपड्याला लावलेली पिन, पिशवी, चिठ्ठी, काहीही टाकायचं नाही. यादी कर, पिशवीत घालून नाव-तारीख लाव आणि ऑफिसात दे. वीस वर्षांनी ते पोर दारात येऊन "माझं काही आहे का?" असं विचारतं, तेव्हा तेवढंच हाती देता येतं. लस झालीय की नाही हे ठाऊक नसेल तर झालेली नाही असंच धरायचं आणि डॉक्टरांना विचारायचं.

आईबद्दल वाईट शब्द बाळापाशी काय, कुणापाशीच काढायचा नाही. "कसली आई ती" म्हणणारे खूप भेटतील. कायदासुद्धा म्हणतो की हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकलं असेल तर ते मुद्दाम टाकलं असं धरू नये. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा दारी आलेल्या विधवांना कुणाचं मूल हे विचारलं नाही, बाळंतपण केलं. तिथल्याच यशवंतला त्यांनी मुलगा मानलं, आणि तो पुढं डॉक्टर झाला. एखादी आई समितीपुढं येऊन बाळ देऊन जाते. तिला फेरविचाराला ६० दिवस असतात, आणि कधी ती परत येते. तेव्हा तुझं तोंड पडू देऊ नकोस. बाळ तिच्या हाती देताना दुधाच्या वेळा सांग.

फोटो काढून कुणाला पाठवायचा नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवरही नाही. बाळाची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

दत्तक आई-बाबा न्यायला येतील तेव्हा घाई करू देऊ नकोस. आधी दोन-चार वेळा त्यांनी तुझ्याशेजारी बसून पाजावं, मग तू खोलीतून उठावंस. कागदावर लिहून दे: कसं झोपवायचं, कुठल्या आवाजानं दचकतं, कोणती अंगाई चालते, पावडर कोणती, पाणी किती गरम. त्याचं रोजचं दुपटं न धुता बरोबर दे, वास ओळखीचा असतो. आणि नव्या आईला आधीच सांग, "दोन-तीन रात्री रडेल, तुमचं काही चुकलेलं नाही. उचलून घ्या, पाळण्यात ठेवून थांबू नका. दूध टाकायला लागलं तर लगेच डॉक्टरकडे, आणि आम्हालाही फोन करा, रात्री केलात तरी चालेल."