कुंपणावरचा अडुळसा आणि जुना खोकला

अडुळशाला गुरे-शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून आपल्याकडे तो कुंपणाला लावतात. लागवडीत काही अवघड नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जून फांदीचे वीतभर तुकडे घ्यावेत, दोन-तीन डोळे मातीत जातील असे खोचावेत, पाणी तुंबू देऊ नये. थंडीत पांढरी फुले येतात, पाकळीवर जांभळट रेषा असतात.

पाने नुसती कुटून रस फारसा निघत नाही. म्हणून जुन्या बायका ती केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर वाफवतात व मग पिळतात. मोठ्या माणसाला दोन चहाचे चमचे रस, त्यात मध. साध्या सर्दी-खोकल्यात कफ सुटायला याने मदत होते, हे मी एमबीबीएस असूनही मान्य करतो. या पानांत व्हॅसिसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध प्रयोगशाळेत तयार झाले. म्हणजे आम्ही चिठ्ठीवर लिहितो ते औषध या कुंपणाचेच नातेवाईक!

पण गेल्या हिवाळ्यात भाजी विकणाऱ्या एक मावशी दवाखान्यात आल्या. "खोकला किती दिवसांचा?" "झाले असतील तीन महिने, डॉक्टर. अडुळसा चालू आहे." संध्याकाळी कणकण, अंगावरचे लुगडे सैल झालेले. आठवड्यापासून बेडक्यात रक्त दिसत होते, तेव्हा त्यांनी रस दुप्पट केला होता. आयुर्वेदात अडुळसा रक्तपित्तावर सांगितला आहे, हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेले. बेडका तपासला, क्षय निघाला. मांडीवर खेळणाऱ्या नातवालाही तपासायला बोलवावे लागले.

अडुळशाने क्षयाचे जंतू मरत नाहीत. खोकल्याचा त्रास थोडा कमी वाटतो आणि तेवढ्यात महिने निघून जातात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, किंवा एकदाही रक्त पडले असेल, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. तपासणी व औषधे तेथे मोफत मिळतात. साध्या क्षयाला सहा महिन्यांचे औषध पुरते, मात्र बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचे नाही. मावशींनी ते पुरे केले, आता बाजारात बसतात.

गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, थेंबभरही नाही.