मेणबत्ती लावून पाहिलीस का?

कोहमारा

चि. प्रज्ञा,


साकोलीच्या लग्नात तुझा विषय निघाला. आपल्यातल्याच एका मास्तरानं मोबाइलवर तुझ्या कंपनीचा विज्ञानाचा पाठ दाखवला. 'तुमच्या भाचीचा आहे,' म्हणाला. मग हळूच, 'आता तिथं मशीनच लिहिते म्हणतात, माणसं नुसती नजर फिरवतात.' माझं जेवणावरचं लक्षच उडालं.

घरी येऊन पाठ वाचला. बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. ज्योत विझते, पाणी चढतं. कारण काय दिलंय, तर ऑक्सिजन संपला आणि त्याची जागा पाण्यानं घेतली. अगं, तू स्वतः करून पाहिलंस का हे? ज्योत जळते तोवर पाणी फारसं हलत नाही, विझताना झपकन चढतं. पेला ठेवताना कडेनं बुडबुडेही निघतात. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लाव, पाणी आणखी चढेल. पेल्यातला ऑक्सिजन मात्र तेवढाच. तापलेली हवा फुगून बाहेर जाते, उरलेली निवून आकसते, म्हणून पाणी आत येतं. ऑक्सिजन तर सगळा संपतही नाही. मशीनला हे ठाऊक असो नसो, पाठाखाली नाव तुझं आहे.

महिन्याला इतके पाठ द्यायचेच, असं तुमच्याकडं असणार. पण नागझिऱ्याकडच्या शाळेत दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या बाईला शंका घ्यायला सवड नसते. तू लिहिलेलं कारण ती फळ्यावर उतरवते, पोरं वहीत. तिच्या वाटणीची शंका तूच घ्यायची.

होशंगाबादकडे १९७२ मध्ये १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं. तिथं आधी मास्तरांनाच प्रयोग करायला बसवत. नवा मास्तर होतो तेव्हा तिकडं जाऊन पाहायची फार इच्छा होती. पण रोवणीचे दिवस, तुझे आजोबा एकटे. पुढच्या साली जाऊ म्हणता म्हणता राहिलंच. २००२ मध्ये तिथल्या सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. सोबत यायला निघालेला माझा मित्र मात्र जाऊन आला होता. त्याच्या वर्गातली पोरं प्रश्न विचारून त्याला भंडावायची, माझी गुमान लिहून घ्यायची. म्हणून पुन्हा विचारतो, मेणबत्ती लावून पाहिलीस का?

फार बोललो. तुझा बी रुजण्याचा पाठही वाचला बरं. त्यात चण्यासोबत धानही भिजवून फडक्यात बांधायला सांगितलंस. हे पुण्यात बसून कुणाला सुचत नाही, आपल्या बांधीत चिखल तुडवलेल्या पोरीलाच सुचतं. तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण पुन्हा वाच म्हणाली.

मशीनची बातमी खरी असेल, नोकरी डळमळली असेल, तर आधी मला सांग, आईला मी सांगेन. इथं घर आहे, धान आहे, मी आहे. आणि उपाशीपोटी रात्री जागत बसू नकोस. पगार वेळेवर होतो ना, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा,
मामा